पाच मुकुटांचे मौन

एका राज्यात एक घाट होता, घाटाला एक दार होते, आणि त्या दाराची राखण हैमवती नावाची एक स्त्री करीत असे. बाप गेला तेव्हा किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला, त्याला वीस वर्षे झाली होती. दाराच्या अलीकडे तिचा राजा वसुकीर्ती राज्य करी. पलीकडे शेजारचे राज्य होते. तिथली माणसे बाजाराला येत, सोयरिकी जमवीत, आणि जाताना हैमवतीला राम राम घालून जात.

त्या मुलखात पाच राज्यांचे एक मंडळ होते. पाचांच्याही सीमा त्या शेजारच्या राज्याला लागून होत्या. पूर्वी कधीतरी घोर युद्ध झाले, नद्या तांबड्या झाल्या, तेव्हा पाच राजांच्या पणजोबांनी एका ताटात जेवून शपथ घेतली होती, की शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर पाचही घरांतून घागरी निघतील. दर दसऱ्याला पाचही राजे ती शपथ मोठ्याने म्हणत. म्हणायला कोणाचे काय जाते?

एके वर्षी पलीकडचा म्हातारा राजा वारला. त्याला दोन मुलगे, थोरला रुद्रपाल आणि धाकटा इंद्रपाल. पुढे काय घडले ते हैमवतीला म्हाळसा दाईने सांगितले. म्हाळसाने दोन्ही राजपुत्रांना अंगावर पाजले होते, आणि घाट चढून आलेल्या पहिल्या माणसांत ती होती.

राजाच्या तेराव्याला कालमुख नावाचा मांत्रिक दरबारात आला. हा कालमुख धूर पिऊन जगत असे. एक घर जळले की त्याचे वय एका वर्षाने उतरे. सिंहासनाखाली पूर्वजांनी सोन्याचे पाच रांजण पुरले होते, आणि प्रत्येक रांजणाच्या झाकणावर एकेक माणिक बसवून तोंड बंद केले होते. कालमुख गोड बोलला. बापाची ठेव निदान डोळ्यांनी पाहा, म्हणाला. माणके निघाली, झाकणे उघडली, आणि भावाभावांनी सोने निम्मेनिम्मे वाटून घेतले.

त्या सोन्यावर शाप होता. ते ज्याच्याजवळ असेल, त्याला दुसऱ्याचा प्रत्येक शब्द शिवी होऊन ऐकू येई. त्याच संध्याकाळी इंद्रपालाने विचारले, "दादा, जेवलास का?" रुद्रपालाच्या कानी पडले, "दादा, अजून मेला नाहीस का?" त्याने तलवार उपसली. मग दोघांनी सैन्ये उभी केली, सैनिकांना त्याच सोन्याने पगार दिले, आणि साऱ्या देशाचे कान विटाळले. गावेच्या गावे पेटली. कालमुख डोंगरावर बसून धूर पीत राहिला आणि तरणाबांड झाला.

वर्ष होत आले तशी माणसे घाट चढून येऊ लागली. हैमवतीने दार उघडे ठेवले, चुली मांडल्या, पेज शिजवली. पण महिनाभराने वसुकीर्तीचा स्वार आज्ञापत्र घेऊन आला. मंडळ विचार करीत आहे, तोवर दार लावावे, असे त्यात होते.

हैमवतीने आजवर आज्ञा मोडली नव्हती. तिने दार लावले, अडसर घातला. पलीकडून पहिल्या दिवशी लोक जोराने ठोकत होते. दुसऱ्या दिवशी ठोकणे हळू झाले. तिसऱ्या दिवशी कोणी ठोकलेच नाही. किल्ली तीनही दिवस तिच्या कमरेला होती.

तिसऱ्या दुपारी तिने दार उघडले. पौषातला वारा घाटात चाकूसारखा फिरत होता. उंबऱ्याशी अकरा माणसे थंडीने आखडून मेली होती. हैमवती रडली नाही. तिने कुदळ घेतली आणि रात्रभर खपून अकरा जणांना स्वतःच्या हाताने मूठमाती दिली. तिच्या पोटात त्या दिवशी जो राग उठला, तो आधी तिचा स्वतःवर होता. मग त्याने मान वर केली आणि मंडळाकडे पाहिले.

तिने आज्ञापत्र चुलीत घातले, उघडे दार म्हाळसा दाईच्या हवाली केले, आणि घोड्यावर मांड टाकली.

मंडळाची सभा एका तलावातल्या बेटावर, संगमरवरी मंडपात भरली होती. हैमवतीला पायरीशी तीन दिवस थांबवून ठेवले. पहिल्या दिवशी कोणाचा हत्ती आधी आत जाणार यावर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी पलीकडे जे चालले आहे त्याला युद्ध म्हणायचे की कलह, यावर झाली. तिसऱ्या दिवशी मंडळाला झालेले दुःख नुसते असावे, तीव्र असावे, की अतीव असावे, यावर पाच पंडित भांडले. शेवटी तीव्र ठरले. मग तिला आत बोलावले.

पाचही राजे ओळीने बसले होते, त्यांत एक राणी होती. प्रत्येकाच्या मुकुटात अंगठ्याएवढे तांबडेलाल माणिक चमकत होते. हैमवतीने अकरा माणसांची गोष्ट सांगितली. दार आपण लावले हेही सांगितले. राजांनी माना हलवल्या, आणि तिला शांतिदूत ही पदवी आणि एक पांढरी छत्री दिली.

"महाराज," ती वसुकीर्तीला म्हणाली, "घागरी कधी निघणार?"

वसुकीर्ती हलक्या आवाजात म्हणाला, "पलीकडची आग पलीकडेच विझेल."

हैमवतीने छत्री तिथेच पायरीवर टाकली आणि ती बेटाच्या बांधावरून परत निघाली. बांधाच्या मध्यावर एक टिटवी उभी होती. तिच्या पंखांची टोके होरपळलेली होती.

"बाई, थांब," टिटवी म्हणाली. "माझी चार अंडी रणात घोड्यांच्या टापांखाली गेली. मी त्या मांत्रिकाच्या डोंगरावर वर्षभर बसून आहे. शाप कसा उतरतो ते मला ठाऊक आहे."

"सांग."

"कामे तीन. रांजणांची पाच माणके परत आणायची, पण ती ज्याच्या त्याने आपल्या हाताने दिली पाहिजेत. मग दोन्ही फौजांच्या मधे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभे राहायचे, शस्त्र उपसायचे नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तिथे निघालेला प्रत्येक शब्द शिवी होतो. आणि शेवटी सोने पुन्हा रांजणात गेले पाहिजे. तेही ज्याच्या त्याच्या हाताने."

हैमवतीने विचारले, की माणके आहेत कुठे. टिटवीने मान वळवून मंडपाकडे पाहिले.

हैमवतीला पाच मुकुटांतली तांबडेलाल माणके आठवली. मग तिने विचारले, "त्या माणकांवरही शाप आहे का? म्हणून का हे असे बसून आहेत?"

"नाही," टिटवी म्हणाली. "माणके नुसती सुंदर आहेत. कालमुखाने ती भेट म्हणून पाठवली आणि फक्त गप्प राहा म्हणाला. हे आपल्या खुशीने गप्प आहेत."

शाप असता तर हैमवतीने त्यांना क्षमा केली असती. ती आल्या पावली परत फिरली. राजे जेवायला बसले होते. द्वारपालाने भाला आडवा धरला, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून उभा केला.

तिने माणकांची गोष्ट भर पंगतीत सांगितली. कोणाचा घास हातात राहिला, कोणाचा तोंडात. एका राजाने टिटवीसारख्या अशुभ पक्ष्याच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा, असे विचारले.

पाचांत सर्वांत लहान राज्य अरुंधती नावाच्या राणीचे होते. ती नवी होती, नवऱ्यामागे गादीवर बसली होती आणि सभेत फारशी बोलत नसे. तिने मुकुट उतरवला, माणिक नखाने उचकटले आणि हैमवतीच्या ओंजळीत ठेवले.

"मला ठाऊक होते," राणी म्हणाली. "तिथून आले आहे हे ठाऊक होते. मी विचारले नाही."

दुसऱ्या राजाचे रान पलीकडच्या आगीने आधीच तापले होते, त्याने दिले. दोघांनी दिले म्हणून तिसऱ्याने दिले. चौथ्याने अट घातली, की आपण सर्वांच्या आधी दिले असे इतिहासात लिहिले जावे. हैमवतीने लेखकाला सांगितले, की लिहा, यांनी सर्वांच्या आधी दिले. लेखकाने तसे लिहिले, आणि ते आजही तसेच लिहिलेले आहे.

उरला वसुकीर्ती. त्याने मुकुटावर हात ठेवला. माणिक आपल्या राणीला फार आवडते, म्हणाला.

हैमवतीने कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या पानाशेजारी ठेवला.

"माझ्या बापाने तुमचे दार राखले, मी राखले. आजपासून तुमचे दार तुम्ही राखा."

ती एवढेच बोलली. राजाच्या मागे उभे असलेले शिपाई सारे घाटाखालच्या गावांतले होते, आणि कोणाची मावशी, कोणाची लेक पलीकडे दिलेली होती. त्यांतल्या एकाने भाला जमिनीवर ठेवला, मग दुसऱ्याने. मंडपात भाले ठेवल्याचा आवाज येत राहिला, आणि तो थांबला तेव्हा वसुकीर्तीच्या पाठीशी कोणी उरले नव्हते. त्याने माणिक काढून दिले. त्याच्या हातातून ते घेताना हैमवतीला इतकी शिसारी आली, की तिने हात लुगड्याला पुसला.

पहिले काम झाले. दुसऱ्यासाठी पाच राज्यांनी मिळून अडीच हजार माणसे दिली. सेनापती कोणाचा यावर राजे पुन्हा भांडू लागले, तेव्हा अरुंधती राणी म्हणाली की हैमवतीखेरीज दुसरे नाव सुचवणाऱ्याने स्वतः रणात उभे राहावे. मग कोणी नाव सुचवले नाही. हैमवतीने माणसांना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली, की जीव गेला तरी ओठ उघडायचा नाही. मग राणीच्या कानाशी लागून तिने आणखी एक काम सोपवले, आणि राणी घाटाकडे गेली.

पलीकडच्या राजधानीबाहेर एक उजाड माळ होता. त्याच्या एका अंगाला रुद्रपालाची फौज होती आणि दुसऱ्या अंगाला इंद्रपालाची. सूर्य उगवला तेव्हा दोन्ही फौजांना दिसले, की मधे माणसांची एक भिंत उभी आहे. निम्मी इकडे तोंड करून, निम्मी तिकडे. हातांत ढाली, तलवारी म्यानात. भिंतीच्या पोटात पाच रिकामे रांजण. ते हैमवतीची माणसे पहाटेच ओस राजवाड्यातून उचलून घेऊन आली होती.

आधी शिव्या आल्या, मग दगड, मग बाण. माणसे पडत, आणि पडलेल्याच्या जागी मागचा पुढे सरके. मरणारेही ओठ चावून मेले. दोन प्रहर होईतो चाळीस जण गेले होते. भिंत पांगली नाही.

तेव्हा रुद्रपाल स्वतः घोडा घेऊन पुढे आला आणि हैमवतीपुढे उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"तू घाटावरची ना?" तो म्हणाला. "माझी प्रजा तुझ्या दाराशी मेली. तू अडसर घातलास. आणि आता मला शांतता शिकवायला आलीस?"

हैमवतीच्या जिभेवर शब्द आले. तुझ्याच आगीतून पळून आली होती ती माणसे, असे तिला म्हणायचे होते. आणि दुसरेही म्हणायचे होते, की होय, मी घातला. दोन्ही खरे होते. दोन्ही गिळायला तिला अंगातला सारा जोर लावावा लागला. तोंडात रक्ताची चव आली. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो थुंकला, ते तिच्या गालावर पडले, तेही तिने पुसले नाही. अखेर त्यानेच घोडा वळवला.

त्या दिवशी दोन्ही फौजा त्या भिंतीशी झुंजत राहिल्या, म्हणून देशात एकही घर जळले नाही. डोंगरावर कालमुखाला धूर मिळाला नाही. पहिल्या प्रहरी त्याचे केस पिकले, दुपारी दात पडले, तिसऱ्या प्रहरी कणा वाकला. सूर्य कलला तसा तो रांगत माळावर उतरला, आणि सोने मुठीत घट्ट धरा म्हणून दोन्ही फौजांना ओरडून सांगू लागला. पण त्यानेच उघडलेला तो शाप त्याच्या शब्दांनाही सोडीना. त्याचे ओरडणेही त्यांना शिवीच ऐकू आले. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

सूर्य टेकला, आणि घाटाच्या बाजूने बायका येताना दिसल्या.

हैमवतीने अरुंधती राणीवर सोपवलेले काम हेच होते. घाट चढून आलेल्या साऱ्या बायका राणीने गोळा करून आणल्या होत्या, आणि पुढे म्हाळसा दाई होती. भिंतीने वाट दिली. बायका दोन्ही फौजांत शिरल्या, जिने तिने आपापले माणूस शोधले. आई मुलापुढे उभी राहिली, बायको नवऱ्यापुढे, बहीण भावापुढे. कोणी शब्द बोलली नाही. प्रत्येकीने फक्त पदर पसरला.

वर्षभर त्या सैनिकांच्या कानांवर शिवीशिवाय काही पडले नव्हते. पसरलेल्या पदराची शिवी होत नाही. एका तरण्या घोडेस्वाराने आईकडे पाहिले, कंबरपट्टा सोडला आणि त्यातले सोने तिच्या पदरात ओतले. मग शेजारच्याने ओतले. माळभर सोन्याचा खळखळाट झाला. बायका जड पदर सावरीत सैनिकांना हाताला धरून रांजणांपाशी घेऊन आल्या, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने सोने आत टाकले.

दोघे भाऊ तेवढे उरले. म्हाळसा त्यांच्या बरोबर मधे उभी राहिली. पदराचे एक टोक तिने रुद्रपालाकडे धरले, दुसरे इंद्रपालाकडे. इंद्रपालाने गळ्यातली माळ काढून पदरात टाकली. रुद्रपाल घोड्यावरच बसून राहिला. त्याने तिच्या हातांकडे पाहिले, मग तिच्या पायांकडे. घाट चढताना ते फुटले होते आणि अजून भरले नव्हते. त्याने घोड्यावरून उतरून तोडे काढले, कमरेची थैली सोडली, आणि सारे तिच्या पदरात ठेवले.

मग दोघांनी ते आपापल्या हाताने रांजणात टाकले, आणि रांजण भरले. हैमवतीने झाकणे लावली, एकेक माणिक जागच्या जागी बसवले. पाचवे बसले तसा कालमुख माळावर मूठभर राखेएवढा उरला, आणि वाऱ्याने ती राख नेली.

सारे उभे होते. बोलायला कोणी धजत नव्हते. अखेर इंद्रपाल म्हणाला, "दादा, तुझ्या दंडातून रक्त येते आहे."

रुद्रपालाने ते जसे होते तसे ऐकले. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

रांजण पुन्हा सिंहासनाखाली गेले आणि वर दगड बसला. थोरला गादीवर बसला. धाकट्याने गावे पुन्हा वसवण्याचे काम मागून घेतले. घाटावरची माणसे आपापल्या जागी परतली, जिथे जागा उरली होती तिथे.

आठ दिवसांनी मंडळाचे राजे हत्तींवरून आले. मंडळाने शांतता आणली, म्हणून विजयस्तंभ उभारायचा होता आणि त्यावर पाच नावे कोरायची होती. चौथा राजा आपले नाव सर्वांत वर हवे म्हणत होता. मिरवणुकीत हैमवतीला मानाची जागा होती. ती मिरवणुकीला गेली नाही. ती माळावर होती, जिथे भिंतीत पडलेल्यांच्या चिता झाल्या होत्या. राजे तिथे तिला भेटायला आले, आणि तिला काय हवे ते माग म्हणाले.

हैमवतीचा राग तसाच होता. शाप उतरला म्हणून तो उतरला नव्हता, आणि उतरावा असे तिला वाटतही नव्हते.

"बेटावरचा मंडप बंद करा," ती म्हणाली. "इथून पुढे मंडळाची सभा या माळावर भरेल. या राज्यातल्या शेवटच्या जळक्या घरावर छप्पर चढेपर्यंत सभेला छप्पर नाही, आणि सभा उठून घरी जाणारही नाही."

वसुकीर्ती काही बोलणार होता. अरुंधती राणी आधीच जमिनीवर बसली होती. रुद्रपाल आणि इंद्रपाल तिच्या दोन बाजूंना बसले. त्यांच्यामागे अडीच हजारांतले उरलेले सारे जण बसले, आणि त्यांनी राजांकडे पाहिले. राजे बसले.

उन्हाळा गेला, मृग लागला. उघड्यावर सभा भिजू लागली तसे ठराव आखूड होत गेले. दुःख तीव्र की अतीव, हे कोणी विचारीना. बैल किती, बियाणे किती, बांबू कोणाच्या रानातून, एवढेच बोलणे होई आणि दुपारच्या आत गाड्या निघत. मंडळाची माणसे गावागावांत पहाऱ्याला राहिली, आणि दोघा शेजाऱ्यांत बांधावरून तंटा झाला तर मधे जाऊन उभी राहू लागली.

आश्विनात राजांनी निरोप पाठवला, की सारी घरे शाकारून झाली. हैमवती गावोगाव फिरून आली. राजधानीच्या कडेला एक घर तसेच होते. चार काळ्या भिंती, आत गवत वाढलेले.

"त्यातले कोणी उरले नाही," वसुकीर्ती म्हणाला. "तिथे राहायला कोणीच येणार नाही."

"म्हणून ते तुम्ही शाकारायचे," हैमवती म्हणाली. "तुमच्या हातांनी."

पाचही मुकुट एका दगडावर काढून ठेवले. राजे भिंतींवर चढले. त्यांना वासा कसा बांधतात ते येत नव्हते, म्हाळसा खालून सांगत होती. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तळहातांना फोड आले. वसुकीर्तीने शेवटची पेंढी बांधली आणि वरूनच विचारले, की झाले का.

हैमवती आत गेली. तिने मान वर करून सगळीकडे पाहिले. आभाळ कुठूनही दिसत नव्हते. बाहेर येऊन ती म्हणाली, "झाले. आता घरी जा."

असे त्या राज्यात पुन्हा दिवे लागले. त्या घरात तेवढे कोणी राहायला आले नाही. पण दर वर्षी पावसाआधी पाच राजे येतात आणि ते शाकारून जातात, आणि ते शाकारल्यावाचून मंडळाची सभा भरत नाही.